चालतंय ना, मग?

वणीजवळच्या एका जिनिंगमध्ये मी बावीस वर्षं इलेक्ट्रिशियन आहे. गाठी बांधणाऱ्या प्रेसचं पॅनल बदलू या, असा विषय शेठजींनी तीनदा काढला आणि तिन्ही वेळा मीच मोडता घातला. ‘चालतंय ना, मग?’ वर यवतमाळची शकुंतला रेल्वे पुढे करायचो. १९२१ सालचं मँचेस्टरचं वाफेचं इंजिन, कापसाच्या त्या रुळांवर १९९४ पर्यंत धावलं! शेठजी गप्प.

खरं कारण वेगळंच होतं. त्या पॅनलमधल्या पीएलसीतलं, म्हणजे प्रेस चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरमधलं, माझ्याशिवाय कुणाला ओ की ठो कळत नव्हतं. पॅनल बदललं की माझा भाव उतरणार.

त्या जुन्या पीएलसीत प्रोग्रॅम रॅममध्ये असायचा. लाइन गेली तरी तो टिकावा म्हणून आत लिथियमची ३.६ व्होल्टची बॅटरी, बोटाच्या दोन पेरांएवढी. उन्हाळ्यात कापूस संपला की मेन स्विच खाली. मग दसरा-दिवाळीपर्यंत सगळी भिस्त तिच्यावर. ती उतरली की पिवळा दिवा लागतो. हंगामाच्या शेवटी तो लागलेला मी पाहिला होता. बघू पुढे, म्हटलं.

दिवाळीनंतर मेन चढवला. एकही कॉन्टॅक्टर उचलेना. प्रोग्रॅम पुसला गेला होता, आणि त्याची प्रत असलेला एक्सपीवाला कॉम्प्युटर कधीच भंगारात गेलेला. फाटकाबाहेर गाड्यांची रांग. कास्तकार थंडीत कापसावरच घोंगडी ओढून झोपलेले. नागपूरहून प्रोग्रॅमर आला. कोणता व्हॉल्व्ह कधी उघडतो, १७० किलोच्या गाठीला प्रेसचा मेन रॅम कुठवर येतो, हे मी आठवून आठवून सांगत होतो. चार दिवस गेले.

शकुंतलेचा दाखला किती लंगडा, ते तेव्हा उमगलं. इंजिन थकलं की त्याला धाप लागते, ते गळतं, खडखडतं. कान असलेल्या कुणालाही कळतं. इथे ज्वारीच्या दाण्याएवढा दिवा, आणि तो वाचणारा मी एकटा.

आता नवा पीएलसी आहे. प्रोग्रॅमची एक प्रत शेठजींच्या तिजोरीत, एक माझ्याकडे; हाताखालच्या पोरालाही सगळं दाखवलंय. जिनांचे साधे स्टार्टर मात्र मी बदलू दिले नाहीत. त्यांचा कॉन्टॅक्टर बिघडायला लागला की गुणगुणतो, लांबूनही ऐकू येतं.

त्या दिवशी शेठजींना मी ‘प्रोग्रॅम व्होल्टेजनं गेला’ असं सांगितलं होतं. ते अजून तसंच आहे.