धारप वाचणारी मुलगी

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली, त्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. नववीच्या वर्गात शेवटच्या बाकावर एका मुलीच्या मांडीवर, भूगोलाच्या पुस्तकाखाली, दुसरंच पुस्तक सापडलं. तास माझा नव्हता. ज्या सरांचा होता त्यांनी ते पुस्तक स्टाफरूममध्ये आणून टेबलावर टाकलं. नारायण धारपांची ‘लुचाई’. कव्हरचे कोपरे दुमडलेले, मध्ये खूण म्हणून एसटीचं जुनं तिकीट.

मधल्या सुट्टीत चहा आला आणि पुस्तकाचा निवाडा सुरू झाला.

विज्ञानाचे सर म्हणाले, “२०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. दाभोलकरांचा त्यासाठी जीव गेला. आणि आपल्या शाळेत पोरी रक्त पिणाऱ्या मुडद्यांच्या गोष्टी वाचतात!” माझे एक ज्येष्ठ सहकारी, ज्यांना आम्ही सगळे चाचा म्हणतो, त्यांनी चष्मा काढला. “देखो, जिन्नात का ज़िक्र क़ुरआन में है, उस पर हमारा ईमान है. मगर मुर्दा क़ब्र से उठ के ख़ून पिए, ये सब ख़ुराफ़ात है. बच्ची का ज़ेहन ख़राब होगा.” इंग्रजीच्या तरुण सरांची तक्रार वेगळीच. “यात धारपांचं काय आहे? स्टीफन किंगची ‘सेलम्स लॉट’ उचलली आणि माणसांची नावं मराठी केली.” चहाचे कप गोळा करता करता आमचे शिपाईमामा थांबले. “म्या ही एका रातीत वाचली व्हती सर. पहाटं अंगणात जायचं बी भ्या वाटलं.” सगळे हसले. चाचासुद्धा हसले.

मी काही बोलले नाही. या विषयावर बोलायला माझं तोंड नव्हतं. ते का, हे पुढे सांगते.

त्या दिवशी बोलणाऱ्या प्रत्येकाचं थोडं थोडं खरं होतं. धारपांचा जन्म १९२५चा, निधन २००८चं. मराठीत भयकथा म्हटलं की पहिलं नाव त्यांचंच निघतं. त्यांचा ‘समर्थ’ अमानवी शक्तींशी झुंजतो आणि जिंकतो, म्हणून कित्येकांना त्यांच्या गोष्टी वाचून झोप लागते. समर्थ नसलेल्या गोष्टी वाचून लागत नाही. ‘लुचाई’चा सांगाडा किंगच्या १९७५ सालच्या ‘सेलम्स लॉट’चा आहे आणि ‘शपथ’चा ‘इट’चा, हे आता जाणत्या वाचकांना ठाऊक आहे. काहींना ती सरळ चोरी वाटते. काही म्हणतात, इंग्रजी न येणाऱ्या लाखो घरांत ती गोष्ट कोणी पोहोचवली? ‘तुंबाड’ सिनेमा २०१८ साली आला तेव्हा त्यामागे धारपांची एक कथा आहे, ही चर्चा नव्या पोरांतही झाली. आपल्या मराठवाड्यातल्या, औरंगाबादच्या साकेत प्रकाशनाने त्यांची पुस्तकं पुन्हा काढली, म्हणून तर ती बसस्टँडच्या स्टॉलवर मिळतात. म्हणजे लेखक जाऊन इतकी वर्षं झाली तरी भांडण चालू आहे आणि खपही चालू आहे.

असंच भांडण माझ्या घरातही झालं होतं, पण दुसऱ्या लेखिकेवरून. माझी भाची औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला, कॉलेजात आहे. तिच्या कपाटात स्टेफनी मायरच्या ‘ट्वायलाइट’ मालिकेची चारही पुस्तकं आहेत. बहिणीचा मला फोन आला, “आपा, तुम ही समझाओ इसे. ख़ून पीने वाले लड़के पे मरती है.” समजावायचं तर आधी वाचायला हवं, म्हणून पहिला भाग मागवला आणि डिक्शनरी शेजारी ठेवून महिनाभर वाचला.

मायर अमेरिकेतली, मॉर्मन पंथातली श्रद्धाळू बाई, तीन मुलांची आई. २००३ साली पडलेल्या एका स्वप्नातून गोष्ट सुचली असं ती सांगते. २००५ साली पहिलं पुस्तक आलं आणि मालिकेच्या दहा कोटींहून जास्त प्रती खपल्या. शाळेत जाणारी बेला आणि वरकरणी सतरा वर्षांचा, पण रक्तावर जगणारा एडवर्ड यांची ती प्रेमकथा. त्याला तिच्या रक्ताची भूक आहे आणि तो ती आवरून धरतो. जगभरच्या पोरी त्या आवरून धरण्यावर भाळल्या. पण वाचक इतके दुभंगले की विचारू नका. कोणी म्हणालं भाषा बाळबोध आहे. कोणी म्हणालं ही बेला स्वतःचं काही करत नाही, नुसती त्याच्यामागे जाते. अमेरिकेतल्या ग्रंथालय संघटनेने २००९ सालासाठी सर्वाधिक तक्रारी आलेल्या पुस्तकांची यादी काढली, त्यात ‘ट्वायलाइट’ होतं. एका बाजूला ‘फार सोवळं’ म्हणून हसणारे, दुसऱ्या बाजूला ‘फार ओवळं’ म्हणून तक्रार करणारे, आणि पुस्तक एकच!

आणि गंमत बघा. ज्या किंगची गोष्ट घेतली म्हणून आमचे सर धारपांवर रागावले, त्याच किंगने २००९ साली एका मुलाखतीत मायरला लिहिता येत नाही असं साफ सांगून टाकलं. मात्र त्याच मुलाखतीत त्याने हेही मान्य केलं की ती एका अख्ख्या पिढीतल्या मुलींशी बोलते आहे आणि प्रेम-शरीर या अवघड गोष्टींकडे जायची एक सुरक्षित वाट त्यांना दाखवते आहे. स्वतः किंगला ‘सेलम्स लॉट’ सुचली ती १८९७ सालच्या ‘ड्रॅक्युला’वरून, ड्रॅक्युला आजच्या अमेरिकेत आला तर काय होईल, या विचारातून. हा ड्रॅक्युला मज़हर-उल-हक़ अल्वी यांनी उर्दूतही आणला होता. म्हणजे एकच मुडदा इंग्लंडहून अमेरिकेला, तिथून पुण्याला, आणि एका फाट्याने उर्दूत फिरतो आहे. रक्ताचा हिशेब कोणी कोणाला विचारायचा?

मला ‘ट्वायलाइट’मध्ये एक गोष्ट खटकली. एडवर्ड बेलाच्या नकळत रात्री तिच्या खोलीत येऊन तिला झोपलेली बघत बसतो आणि नंतर कळल्यावर तिला ते प्रेम वाटतं. आमच्याकडे मुलीच्या मागे-मागे मोटारसायकल फिरवणारा मुलगाही स्वतःला प्रेमवीरच समजतो. मी भाचीला हे सांगितलं. मला वाटलं, ती भांडेल. ती म्हणाली, “ख़ाला, वो मुझे भी अजीब लगा था. सहेलियों में हम उसका मज़ाक़ उड़ाते हैं. मगर पूरी किताब उतनी ही थोड़ी है?” मी आणि बहीण महिनाभर जिची काळजी करत होतो, तिने ती काळजी आधीच करून टाकली होती. आम्ही तिला विचारलंच नव्हतं.

आता माझं तोंड का बंद होतं, ते सांगते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. दहावीच्या एका मुलीच्या दप्तरात मला चंद्रकांत काकोडकरांची एक जीर्ण कादंबरी सापडली. काकोडकर म्हणजे ‘घाणेरडं’, एवढंच मी ऐकून होते. वाचलं काहीच नव्हतं. पुस्तक जप्त केलं आणि तिच्या आईला बोलावून घेतलं. मी काही रागावून बोलले नाही, उलट फार गोड शब्दांत म्हणाले, “वय नाजूक आहे, लक्ष ठेवा.” आईने मान हलवली. त्यांनी लक्ष ठेवलं. उन्हाळ्यात तिचं लग्न झालं.

पुस्तकामुळे झालं असं मी म्हणत नाही. स्थळाची बोलणी आधीपासून चालली होती, ती पुढे कळली. पण ‘आता पुरे झालं शिक्षण’ म्हणणाऱ्या त्या घरात एक आवाज कमी पडत होता, तो मी दिला. तोही बाईंचा. शिकलेल्या बाईंचा.

फार नंतर मला कळलं की या काकोडकरांवरच खटला झाला होता. १९६२च्या ‘रंभा’ दिवाळी अंकातली त्यांची ‘श्यामा’ अश्लील आहे म्हणून. उच्च न्यायालयात ते दोषी ठरले आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडलं. न्यायालयाचं म्हणणं साधारण असं होतं की स्त्री-पुरुष संबंधाचा नुसता उल्लेख आला म्हणून कादंबरी कोवळ्या वयाला वर्ज्य ठरवली, तर त्या वयाच्या मुलांना निव्वळ धार्मिक पुस्तकंच वाचावी लागतील. न्यायाधीशांनी निदान ती गोष्ट वाचून निकाल दिला. मी न वाचताच दिला होता. माझ्या निकालावर अपील नव्हतं.

आणि मी कोणत्या घरातली? अब्बांच्या पत्र्याच्या ट्रंकेत इब्ने सफ़ींच्या ‘जासूसी दुनिया’चे अंक होते. दादाजान त्यांना ‘लग़्वियात’ म्हणायचे, म्हणून अब्बा ते शेतात नेऊन वाचायचे. माझ्या अब्बांची उर्दू मदरशात सुरू झाली, पण पक्की झाली ती कर्नल फ़रीदी आणि कॅप्टन हमीद यांच्या संगतीत. अम्मी ‘पाकीज़ा आँचल’ तांदळाच्या डब्याच्या मागे ठेवायची. चोरून वाचणाऱ्यांच्या घरात वाढलेली मी, आणि चोरून वाचणारी पोर सापडली तर तिच्या आईला बोलावते!

तर त्या दिवशी स्टाफरूममध्ये ठरलं की मुलीच्या वडिलांना फोन करायचा. वडील होते सांगली जिल्ह्यात, उसाच्या फडात. आईही तिकडेच. आमच्या नांदूरघाटच्या आणि सगळ्या केज तालुक्याच्या लोकांना सांगायला नको, दसरा-दिवाळीला गाड्या भरून जातात आणि पाडव्याच्या आसपास परततात. बालविवाहाच्या बातम्यांत बीडचं नाव का येतं, तेही सांगायला नको. पोरगी मोठी दिसायला लागली, मागे आजीजवळ ठेवायची भीती वाटते. लग्न लावून दिलं की काळजी मिटते आणि नवरा-बायकोचा एक नवा कोयता तयार होतो. अशा बापाला फडात फोन करून ‘तुमची मुलगी वर्गात भलतीच पुस्तकं वाचते’ म्हणायचं. तो ‘लुचाई’ म्हणजे काय विचारणार नाही. त्याला फक्त ‘भलतीच’ ऐकू येईल.

मी म्हणाले, “फोन करू नका. मी बोलते तिच्याशी.” आणि पुस्तक घरी नेलं. रात्री दोनपर्यंत वाचलं. शिपाईमामांचं खरं आहे, अंगणात जायची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी तिला ग्रंथालयाच्या खोलीत बोलावलं. ती रडवेली उभी राहिली. मी म्हटलं, “मी पण वाचलं. मला भीती वाटली. तुला काय आवडलं यात?” बराच वेळ ती काहीच बोलली नाही. मग म्हणाली, “मॅडम, त्या गावातली माणसं एकेक करून कमी होत्यात आन् बाकीच्यांना लवकर कळतच नाही. आमची गल्ली पण अशीच होती. दसऱ्यापासून रोज एकेका घराला कुलूप लागतंय.”

“मग रात्री भीती वाटत नाही?”

“वाटती. पण मी एकटी नाही वाचत. आज्जीला वाचून दाखवते. तिला वाचता येत नाही ना. ती म्हणती, थांबू नको, पुढं काय झालं ते सांग.”

पुस्तक पुण्यात कंपनीत असलेल्या मामाने जाताना स्टॉलवरून घेऊन दिलं होतं. ते तिकीट त्याच प्रवासाचं.

आम्ही चौघा-पाचांनी चहा पिता पिता कायद्यावर, धर्मावर, मौलिकतेवर चर्चा केली होती. त्यातला एकही मुद्दा खोटा नव्हता. पण कुलपं लागलेल्या गल्लीत एक मुलगी आपल्या आजीला रात्री वाचून दाखवते आहे, हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यावंसंही वाटलं नव्हतं. लोकप्रिय लेखक चांगला की वाईट यावर आपण तावातावाने बोलतो, तेव्हा बहुतेक वेळा वाचणाऱ्याच्या अकलेवरच शंका घेत असतो. वाचणारी मुलगी असली तर जरा जास्तच.

मी पुस्तक तिला परत दिलं. एवढंच सांगितलं, “भूगोलाच्या तासाला नाही.” विज्ञानाच्या सरांना मी विनंती केली की रक्ताभिसरण शिकवताना हा रक्तपिपासू मुडदा जरूर काढा, पोरं कान देऊन ऐकतील. ते हसले, पण त्यांनी काढला. चाचा अजून नाराज आहेत. आम्ही रोज बरोबर चहा पितो.

काकोडकरांची ती कादंबरी अजून माझ्या कपाटात आहे. मध्यंतरी मी ती वाचली. फार काही आवडली नाही. पण ती माझी नाही. जिची आहे ती आता दोन मुलांची आई आहे आणि हंगामात उसाला जाते. यंदा पाडव्याला ती माहेरी आली, तर पुस्तक परत द्यायला मी तिच्या घरी जाणार आहे. काय बोलायचं ते अजून सुचलेलं नाही.