सूर तोच आहे

तळवड्यात आमच्या घरामागे प्रेसच्या शेड आहेत. लहानपणी मी त्या ठोक्यांवर पाढे म्हणत असे. अण्णांनी अशाच एका शेडमध्ये २६ वर्षे काढली. संध्याकाळी ते गावच्या भजनात टाळ धरीत. आता तीन वर्षे झाली, जात नाहीत. विचारलं तर म्हणतात, "गुडघे दुखतात." खरं कारण डॉक्टरांनी सांगितलं : रोजच्या दणदणाटात कानाचे उंच सूर आधी जातात. टाळाची किणकिणच त्यांना पोचत नाही!

मराठी साहित्य शिकणाऱ्या मुलीला सिंथेसायझरचं वेड कसलं, असं मैत्रिणी विचारतात. वेड लागलं ते चरणजित सिंग यांच्या तबकडीमुळे. १९८२ साली मुंबईत या वादकाने दहा राग यंत्रांवर वाजवले. रोलंडचं ८०८ हे तालयंत्र, ३०३ हे खर्जाचं यंत्र आणि ज्युपिटर-८ ही तिन्ही एकाच ठोक्याला बांधता येतात, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. तबकडी तेव्हा फारशी खपली नाही; २०१० मध्ये पुन्हा निघाली, तेव्हा जगाने कान टवकारले.

मॉड्यूलर सिंथेसायझर म्हणजे सुटे सुटे भाग, वायरींनी जोडायचे. माझा संगणकातला आहे, फुकटचा. त्यात ट्रिगर म्हणजे विजेचा एक क्षणिक धक्का : 'आता!' एवढंच सांगणारा. सिंक जरा दांडगा. दोन ऑसिलेटर घ्यायचे. पहिल्याचं आवर्तन पूर्ण झालं, की दुसऱ्याने आपली लहर, अर्धी असली तरी, तिथेच तोडून पुन्हा आरंभापासून सुरू करायची. गंमत अशी, की दुसऱ्याची गती कितीही वाढवा, सूर पहिल्याचाच राहतो. बदलतो तो फक्त रंग. आवाज धारदार होत जातो.

हे मी अण्णांना ऐकवायला बसवलं. गती वाढवत नेली. माझ्या दातांत शिरशिरी आली. अण्णा म्हणाले, "अगं, सूर तर तोच आहे. बदललंस काय?"

मला पुढे बोलवेना. मग मी खर्जाचा ठोका लावला आणि त्यांचा तळवा स्पीकरवर ठेवला.

"पायडल मारल्यागत वाटतंय," ते म्हणाले. ट्रिगर त्यांना असा एका क्षणात समजला. मला चार दिवस लागले होते.

तेवढ्यात माझ्या हातून वायर चुकली आणि एकाऐवजी दोन ठोके लागोपाठ पडले. अण्णांनी हात झटकन मागे घेतला.

"डबल पडली!" चेहरा पांढराफटक. "अशानंच बोटं जातात, पोरी."

मी यंत्र बंद करू लागले, तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. लय जरा उतरव."

कपाटातून टाळ काढून आणले. डावा पाय त्यांनी स्पीकरला टेकवला आणि वाजवू लागले. पहिले चार ठोके मागे पडले, पाचव्याला जुळले. टाळ नीट वाजतायत ना, म्हणून ते माझ्या तोंडाकडे पाहत होते. मी मान डोलावत राहिले.