मूळ फाईल जपा, मग संगणक घ्या

अंबरनाथच्या एका आजींची मुलाखत आम्ही मोबाईलवर घेतली होती. नामांतराच्या लढ्यात त्या तुरुंगात गेल्या होत्या. पावणेदोन तास बोलल्या. आम्ही त्यातून 12 मिनिटांचा व्हिडिओ केला, व्हॉट्सअॅपवर फिरवला, 14 एप्रिलला पडद्यावर दाखवला आणि जागा नाही म्हणून मूळ फाईल पुसून टाकली. आजी आता नाहीत. उरलेल्या 12 मिनिटांतही शेवटी आवाज ओठांच्या पुढे पळतो. ही चूक आमचीच.

त्यानंतर वर्गणी काढून एडिटिंगसाठी संगणक घ्यायचे ठरले. उल्हासनगर ते बदलापूर चर्चा एकच, ग्राफिक्स कार्ड कोणते? दुकानदाराने रंगीत दिव्यांचा गेमिंग संगणक पुढे केला. काही तरुण म्हणाले, मोबाईलवरच होते की सगळे! रील होते, मान्य. पण दोन-दोन तासांच्या दहा मुलाखती लावायच्या, त्यातून मुद्दा काढायचा, तर मोबाईल पुरत नाही. आमचे म्हणणे एवढेच की आधी आपल्याकडे काय आहे ते पाहा, यंत्र नंतर ठरवा.

आपल्या घरांत काय आहे? भीमगीतांच्या आणि मिरवणुकींच्या व्हीसीडी. त्यातल्या डॅट फाईली व्हीएलसीमध्ये चालतात, चित्र मात्र 352 बाय 288 एवढेच. मिनी डीव्हीच्या टेपा आहेत. एका तासाची टेप संगणकात उतरवली की साधारण 13 जीबी होते. त्यासाठी लागणारा फायरवायर पोर्ट नव्या संगणकांत सहसा नसतो, म्हणून तो असलेला जुना संगणक भंगारात देऊ नका. आणि मोबाईलचे व्हिडिओ आहेत, अनेकदा एच.265 मधले. ते जागा कमी घेतात, पण जुना प्रोसेसर ते उलगडताना अडखळतो. इंटेलच्या सातव्या पिढीपासून ही सोय प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्समध्ये चांगली आहे. म्हणून ऑफिसातून निघालेला आठव्या पिढीचा आय-5, 16 जीबी रॅम, कामासाठी एसएसडी आणि साठ्यासाठी वेगळी हार्ड डिस्क, एवढ्यावर आमचे काम चालते. जड फाईल असेल तर प्रॉक्सी, म्हणजे हलकी प्रत, करून कापायचे.

आजींचा आवाज का पळाला? मोबाईल उजेडाप्रमाणे फ्रेमची गती कमीजास्त करतो. एडिटिंगचे सॉफ्टवेअर ती ठरावीक धरते. आता आम्ही आधी हँडब्रेकमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून एच.264 ची एमपी4 प्रत काढतो. कात्री चालते ती प्रतीवर, मूळ फाईलवर कधीच नाही.

सॉफ्टवेअरचे काय? चोरीचे नको आणि दरमहा भाड्याचेही नको. भाडे थांबले की आपलाच प्रकल्प आपल्याला उघडता येत नाही. केडेनलाइव्ह आणि शॉटकट मोफत आहेत, साध्या यंत्रावर चालतात. बाबासाहेबांनी 1920 मध्ये ‘मूकनायक’ काढले, 1927 मध्ये ‘बहिष्कृत भारत’ काढले आणि भारत भूषण छापखानाही उभा केला. आपले म्हणणे दुसऱ्याच्या मर्जीवर छापले जाऊ नये, हा त्यामागचा विचार आजच्या सॉफ्टवेअरलाही लागू आहे.

चळवळीत असली तांत्रिक चर्चा कशाला, असे कुणी विचारेल. 11 जुलै 1997 ला रमाबाई नगरात गोळीबार झाला, दहा माणसे गेली. त्यानंतरच्या 14 वर्षांचे चित्रीकरण आनंद पटवर्धनांनी जपले, म्हणून ‘जय भीम कॉम्रेड’ उभी राहिली. अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम 15-अ प्रमाणे त्या गुन्ह्यांच्या कामकाजाचे व्हिडिओ चित्रीकरण व्हायला हवे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात कलम 63 च्या प्रमाणपत्रात फाईलचे हॅश मूल्य लिहावे लागते. हॅश म्हणजे फाईलचा अंगठा. एक फ्रेम कापली तरी तो बदलतो. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली फाईल दाबली जाते, तिचाही अंगठा वेगळा. अत्याचाराच्या घटनेचे चित्रीकरण हाती आले की ज्याच्या मोबाईलवर ते झाले त्याला सांगा, पुसू नकोस, कापू नकोस. कुणाला द्यायचेच झाले तर केबलने घ्या, नाहीतर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

आमच्याकडे आता प्रत्येक मूळ फाईलच्या तीन प्रती असतात. एक उल्हासनगरात, एक अंबरनाथला, एक बदलापूरला. बदलापूरची डिस्क वरच्या मजल्यावर ठेवतो. 2005 आणि 2019 च्या जुलैत उल्हास नदीचे पाणी कुठवर आले होते, ते तिथल्या लोकांना विचारा.

तुमच्या वस्तीतही नामांतर पाहिलेली माणसे असतील. संगणकाची वर्गणी जमेपर्यंत थांबू नका. एक रिकामी हार्ड डिस्क घ्या आणि त्यांच्या दारी जा.

जय भीम!