जवळचे ऐकू येईना

हौशी रेडिओचा परवाना आमच्या हाती आला तेव्हा हिंगोली हे परभणी जिल्ह्यातले तालुक्याचे गाव होते. स्वतंत्र जिल्हा व्हायला १९९९ चा मे महिना उजाडावा लागला. गच्चीवर दोन उंच बांबू, त्यांच्यामध्ये ताणलेली तांब्याची तार आणि खोलीत एक जुना संच, एवढ्या सामग्रीवर आम्ही रात्री-बेरात्री जगाशी बोलत असू. शेजाऱ्यांना आम्ही हेर वाटत होतो, आईला रिकामटेकडे.

एक आवाज मात्र आईलाही आवडे. काठमांडूजवळ गोदावरी येथे १९५१ साली सेंट झेवियर्स शाळा सुरू करणारे येशूसंघीय फादर मार्शल मोरन हे जगभरच्या हौशी रेडिओवाल्यांचे लाडके होते. 'नाइन एन वन एम एम' ही त्यांची हाक-संज्ञा; शेवटच्या दोन अक्षरांचा उच्चार ते 'मिकी माउस' असा करीत. बाराशे किलोमीटरवरून फादरांचा आवाज आला की आई हातातली जपमाळ थांबवून ऐकत बसे. १९९२ साली फादर निवर्तले, तेव्हा घरचे कोणी गेल्यासारखे तिला वाटले.

इतक्या दुरून आवाज येतो कसा? १९०१ च्या १२ डिसेंबरला, इंग्लंडहून निघालेले संकेत अटलांटिकपलीकडे न्यूफाउंडलंडमध्ये ऐकल्याचे मार्कोनी यांनी जाहीर केले, तेव्हा विद्वानही बुचकळ्यात पडले होते. लहरी तर सरळ जातात, आणि पृथ्वी गोल. (याच मार्कोनींनी पुढे पोप अकरावे पायस यांच्यासाठी व्हॅटिकन रेडिओ उभारला, १९३१ च्या फेब्रुवारीत पोपमहोदय त्यावरून प्रथम बोलले.) उत्तर आकाशात होते. सूर्याच्या अतिनील किरणांनी उंचावरच्या विरळ हवेतील अणूंचे इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि विद्युत्भारित थर तयार होतात. हेच आयनांबर. सर्वांत खालचा थर दिवसा लहरी शोषून घेतो व सूर्यास्तानंतर विरतो. म्हणून दूरची मध्यम लहरींची केंद्रे रात्रीच ऐकू येतात. तीनशे किलोमीटरच्या आसपासचा वरचा थर लघुलहरींना वाकवून पुन्हा भूमीवर पाठवतो.

पण त्यात एक मेख आहे. कंपनसंख्या जास्त असेल तर सरळ वर गेलेली लहर थर भेदून अवकाशात निघून जाते. तिरपी गेलेली तेवढी परतते, आणि ती दूर जाऊन पडते. भूमीलगतची लहर जिथे संपते तिथपासून परतलेली लहर जिथे पडते तिथपर्यंत मधल्या पट्ट्यात नुसते मौन. या मौनाचे आम्हाला तोवर कौतुकच होते.

३० सप्टेंबर १९९३. गणेशविसर्जन उरकून लोक नुकतेच झोपी गेले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीजवळ धरणी फाटली. आमच्या मांडणीवरची भांडीही खणखणली. आमची धाकटी बहीण तेव्हा औसा तालुक्यातल्या एका खेड्यात सिस्टरांच्या दवाखान्यात परिचारिका होती. टेलिफोन लागेना. आम्ही १४ मेगाहर्ट्झवर कान लावून बसलो. परदेशातले लोक आमच्याच भूकंपाविषयी विचारीत होते, आणि पावणेदोनशे किलोमीटरवरचे अक्षर कानी पडत नव्हते.

आई दारात उभी होती. म्हणाली, "नेपाळातले फादर ऐकू येत होते रे तुला. आणि आपली पोर ऐकू येत नाही?"

या प्रश्नाला आमच्याजवळ शास्त्रीय उत्तर होते. ते द्यावेसे वाटले नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही गच्चीवरची तार उतरवली, जोड देऊन दुप्पट लांब केली आणि अंगणात, कपडे वाळत घालण्याच्या दोरीइतक्या उंचीवर बांधली. एरियल जितके उंच तितके चांगले, असे शिकून आम्ही मोठे झालो होतो. पण भूमीलगतची तार आपली बहुतेक शक्ती सरळ वर फेकते, आणि ७ मेगाहर्ट्झची लहर दिवसा वरचा थर भेदू शकत नाही. फवाऱ्याच्या पाण्यासारखी ती सभोवार खाली येते. मौनाचा पट्टा भरून निघतो.

दुपारी खरखरीतून मराठी शब्द येऊ लागले. भूकंपग्रस्त भागात मदतीला धावलेले हौशी रेडिओवाले तंबू, औषधे आणि रक्ताच्या बाटल्या मागत होते. त्यांच्या कामात आपल्या बहिणीचे नाव घुसवण्याची आम्हाला लाज वाटली. तो दिवस आम्ही नुसते ऐकले, इतरांचे निरोप टिपून पुढे दिले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी धीर करून विचारले. उत्तर यायला रात्र झाली: सिस्टर मंडळी सुखरूप, जखमींच्या सेवेत. आईने ते दोनदा वाचून घेतले.

नाताळात बहीण घरी आली. अंगणातल्या तारेला तिचे डोके लागले, तेव्हा आम्ही तिला सगळी हकिकत सांगितली. तीनशे किलोमीटर वर, तीनशे किलोमीटर खाली. पावणेदोनशे किलोमीटरवरून निघालेला तिचा निरोप सहाशेहून अधिक किलोमीटर चालून आला होता. ती बराच वेळ वर पाहत राहिली. मग म्हणाली, "दादा, दवाखान्यातल्या बायकांना हे सांगायला हवे. त्यांची माणसे अजून वाट पाहताहेत," आणि आत जाऊन आईला पोळ्या लाटू लागली.