देव कोणाच्या बाजूने? काही टिपणे

१. इ.स. २९५, उत्तर आफ्रिकेतले तेबेसा. रोमन फौजेची भरती. २१ वर्षांच्या मॅक्सिमिलियनची उंची भरली पाच फूट दहा इंच. पोरगा पास. पण गळ्यात शिशाचा बिल्ला काही घालून घेईना. म्हणे, मी ख्रिस्ती. अधिकाऱ्याने समजावले की बादशहाच्या पहाऱ्यावरही ख्रिस्ती शिपाई आहेत. हा म्हणाला, त्यांचे त्यांना ठाऊक. त्याच दिवशी मान उडवली. पुढे संतपद.

२. पहिल्या महायुद्धातल्या जर्मन शिपायाच्या पट्ट्याचे बक्कल: मधोमध मुकुट, वर अक्षरे, 'देव आमच्यासोबत'. पलीकडच्या खंदकातही पाद्री होतेच.

३. १ ऑगस्ट १९१७ला पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी लढणाऱ्या सगळ्या देशांना तहाची कलमे पाठवली. जर्मनांना ते फ्रान्सधार्जिणे वाटले, फ्रेंचांना जर्मनधार्जिणे. इटलीने तर १९१५च्या गुप्त करारातच लिहून घेतले होते की तहाच्या बोलण्यांत पोपला घ्यायचे नाही. कलम १५.

४. फ्रान्झ येगरस्टेटर. ऑस्ट्रियातल्या सांक्ट राडेगुंडचा शेतकरी, गावच्या चर्चची झाडलोटही तोच बघायचा. हिटलरसाठी बंदूक धरणार नाही म्हणाला. लिंत्झच्या बिशपांनी सल्ला दिला: बायकोमुलींचा विचार कर. ९ ऑगस्ट १९४३ला बर्लिनजवळ ब्रांडेनबुर्गच्या तुरुंगात शिरच्छेद. बायको फ्रान्सिस्काला युद्धविधवेचे पेन्शन मिळायला १९५० उजाडले. २००७ साली त्याच लिंत्झमध्ये चर्चने फ्रान्झला 'धन्य' घोषित केले. समारंभाला फ्रान्सिस्का हजर. वय ९४.

५. ९ ऑगस्ट १९४५, नागासाकी, सकाळचे ११.०२. उराकामीच्या कॅथेड्रलमध्ये पापनिवेदन चालू होते. बॉम्ब जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर फुटला. टाकणाऱ्या विमानाचा पायलट कॅथलिक. विमान जिथून उडाले त्या तिनियन बेटावरच्या वैमानिकांचे फादर जॉर्ज झबेल्का यांनी तेव्हा विरोधात एक शब्द काढला नाही. उत्तरायुष्यात मात्र ते युद्धाविरुद्ध बोलत राहिले.

६. १७ मे १९६८, अमेरिकेतले केटन्सव्हिल. नऊ कॅथलिक, त्यांत फादर डॅनियल आणि फिलिप बेरिगन हे भाऊ. व्हिएतनामसाठीच्या सक्तीच्या भरतीच्या ३७८ फायली कचेरीतून उचलल्या आणि बाहेर पार्किंगमध्ये जाळल्या. त्यासाठी नापाम घरीच केला: पेट्रोल आणि साबणाचा चुरा. कृती लष्कराच्याच पुस्तकातली. मग 'आमच्या स्वर्गातील बापा' म्हणत पोलिसांची वाट पाहिली.

७. डॅनियल पुढे फरार झाले. १९७०मध्ये एका बेटावर पकडले गेले. एफबीआयचे लोक पक्षिनिरीक्षक बनून आले होते.

८. १९८२. सिएटलचे आर्चबिशप हंटहाउजेन यांनी अण्वस्त्रांच्या निषेधार्थ निम्मा प्राप्तिकर भरला नाही. सरकारने पगारातून कापून घेतला.

९. सप्टेंबर २०२२, मॉस्को. युक्रेनमध्ये युद्ध चालू. रशियाच्या चर्चचे प्रमुख पॅट्रिआर्क किरिल यांचे प्रवचन: कर्तव्य बजावताना मेलेल्या सैनिकाची पापे धुतली जातात.

१०. २०२३, मॉस्कोच. वरून ठरवून दिलेल्या प्रार्थनेत 'विजया'च्या जागी 'शांती' म्हटल्याबद्दल एका पाद्र्याचे धर्मगुरुपद काढून घेतले. पुढे कॉन्स्टँटिनोपलच्या पॅट्रिआर्कने ते परत दिले. रशियाच्या चर्चने नाही.