वशिला

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. निमित्त नातीचं. ती यूपीएससीचा अभ्यास करते आहे. 2013 पासून त्या मुख्य परीक्षेत नीतिशास्त्राचा 250 मार्कांचा एक स्वतंत्र पेपर असतो. एखादा प्रसंग देतात आणि विचारतात, तुम्ही अधिकारी असता तर काय केलं असतं? परवा ती म्हणाली, "आबा, तुम्ही पण एखादा प्रसंग द्या ना, मी सोडवते." मी माझाच दिला. पण नाव न सांगता.

प्रसंग असा. आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्याच एका नगरपालिकेत मी घरपट्टीची थकबाकी नसल्याचा दाखला घ्यायला गेलो होतो. पुढे वीस-बावीस माणसं, वर पंखा बंद. तेवढ्यात खिडकीतल्या बाबूने मला पाहिलं. माझा विद्यार्थी! धावत बाहेर आला, सगळ्यांसमोर पायाला हात लावला. "सर, तुम्ही रांगेत कशाला उभे राहिलात?" आत खुर्ची, चहा, आणि वीस मिनिटांत दाखला हातात. खोटं कशाला सांगू, छाती फुगली होती. मास्तरकीत कमाई ती हीच, असं वाटलं.

बाहेर पडताना रांगेतली एक बाई म्हणाली, "गुरुजी, तुमची वयख निंगाली, तुमचं झालं. माही हे तिसरी चक्कर हाये." रागाने नाही, सहज म्हणाली. नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला तिला हवा होता. तो मिळाल्याशिवाय संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरता येत नव्हता. मी मान हलवली आणि निघून आलो. चहाची चव मात्र तोंडातच राहिली.

नातीने तिच्या नोट्स काढल्या. मॅक्स वेबर नावाचा जर्मन समाजशास्त्रज्ञ 1920 साली गेला. त्याचं म्हणणं, कचेरीने समोरचा माणूस कोण हे बघायचंच नाही, फक्त काम बघायचं. आपल्याला हे कोरडं वाटतं. आपल्याकडे माणूस बघतात, "कोणाचे तुम्ही?" हाच पहिला प्रश्न. पण त्या बाईच्या जागी उभं राहिलं की तोच कोरडेपणा मायेचा वाटू लागतो, हे मला सत्तरी उलटल्यावर कळलं. नागरिकशास्त्र मात्र आयुष्यभर शिकवलं!

पुढे ती म्हणाली, 1940-41 च्या सुमारास कार्ल फ्रिडरिक आणि हर्मन फायनर यांच्यात मोठा वाद झाला होता. फ्रिडरिक म्हणे, कर्मचाऱ्याला त्याच्या कामाची जाण आणि आतली टोचणीच सरळ ठेवते. फायनर म्हणे, आतल्यावर विसंबू नका, बाहेरून वचक पाहिजे. मला पहिल्यासाठी लगेच शेगावचे शिवशंकरभाऊ पाटील आठवले. 2021 साली ते गेले. संस्थानचा चहासुद्धा ते घेत नसत, असं आमच्या जिल्ह्यात कुणीही सांगेल. (आणि मी काय घेतलं? असो.) पण असे भाऊ प्रत्येक खिडकीत कुठून बसवायचे?

मग वचक. तोही आहे. 2015 चा लोकसेवा हक्क कायदा आहे. प्रत्येक कामाला मुदत ठरलेली, विनाकारण उशीर केला तर अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड. नातीने तो फडाफडा म्हणून दाखवला. मी विचारलं, "मुदत कधीपासून मोजायची?" "पूर्ण अर्ज दिल्यापासून. त्याची तारखेची पोच द्यावी लागते." इथेच तर मेख आहे! त्या बाईच्या हातात पोच कुठे होती? तिला 'हा कागद आणा, तो कागद आणा' म्हणून तोंडीच परत पाठवलेलं. म्हणजे कायद्याच्या हिशेबाने ती अजून आलेलीच नाही. तिच्या तीन चकरांचा एकही दिवस कुठे मोजला गेलेला नाही. आणि माझं काम वीस मिनिटांत केलं म्हणून त्या पोराने कोणतीही मुदत मोडलेली नाही. उलट शाबासकीच मिळेल.

तो पोरगा वाईट नाही हो. पैसा घेतला नाही, प्रेमानेच केलं. वाईट वाटतं ते याचंच. लाच मागितली असती तर मी चिडलो असतो. प्रेम दिलं, म्हणून गप्प बसलो.

नातीने उत्तरात लिहिलं, 'गुरुजींना पाणी द्यावं, खुर्ची द्यावी, पण नंबर रांगेतलाच.' मी म्हटलं, दहापैकी नऊ. एक मार्क का कापला विचारते. मी सांगितलं, "त्यात गुरुजींनी काय करावं हे लिहिलंच नाहीस."

तेव्हा तिला कळलं हा प्रसंग कोणाचा ते.

पुढच्या आठवड्यात घराच्या फेरफारासाठी तिथे पुन्हा जायचं आहे. त्या पोराचा काल फोन आला, "सर, तुम्ही येऊच नका, मी घरी आणून देतो." मी म्हटलं, "येतो बाबा, रांगेतच येतो. तू फक्त सगळ्यांना पोच देत जा." थोडा वेळ तिकडून काहीच आवाज नाही. मग म्हणाला, "बरं सर."

राग आला असेल का त्याला?