ऋण काढून सण

ऋण काढून सण करू नये, हे वचन गेले काही दिवस माझ्या मनातून हलावयास तयार नाही. ज्या निमित्ताने ते तेथे आले ते निमित्त आता मिटल्यात जमा आहे, पण वचन मात्र तगादेदारासारखे उंबऱ्यावर ठाण मांडून आहे.

ज्या कोणी ही म्हण घडविली, त्याने आमच्या परभणी जिल्ह्याचे पंचांग आणि येथील शेतीचा जमाखर्च एकाच वेळी समोर ठेवून पाहिला नसावा, अशी माझी शंका आहे. पूर्णा आणि गोदावरी यांच्या काठच्या काळ्या जमिनीत घराचा मुख्य आधार म्हणजे रब्बीची ज्वारी. ती माघ-फाल्गुनात खळ्यावर यावयाची, आणि नागपंचमी, पोळा, महालक्ष्म्या, दसरा हे सारे खर्चिक सण मात्र श्रावणापासून आश्विनापर्यंत, म्हणजे नेमके कणगीचा तळ दिसू लागल्यावर. आज ज्वारीची पुष्कळशी जागा सोयाबीनने घेतली असली, तरी पोळ्याच्या अमावास्येस तेही शेतातच उभे असते. त्या दिवशी बैलाला नवी वेसण हवी, नवा कासरा हवा, शिंगांना रंग हवा, पुरणाचा नैवेद्य हवा. आणि वर्षभर जू वाहिलेल्या जनावरापुढे उभे राहून ‘यंदा शिल्लक नाही’ असे सांगावयाचे कोणत्या तोंडाने? दुकानदार मग वहीत नाव मांडतो. चैत्रातल्या जत्रा रोखीच्या आणि श्रावणातले सण उधारीचे, अशी ही व्यवस्था माणसाच्या उधळेपणापेक्षा पावसाने लावून दिलेली अधिक दिसते.

म्हणजे म्हण पगारदारांसाठी असावी, असे म्हणावे, तर आमचे गाव पडले रेल्वेचे. निजामाच्या अमदानीत येथे जंक्शन झाले, हिंगोलीकडे फाटा निघाला, लोको शेड उभी राहिली, आणि महिन्याच्या ठराविक तारखेस घरात पैसा येणे ही नवलाची गोष्ट शेकडो कुटुंबांच्या अंगवळणी पडली. माझे वडील त्याच शेडमध्ये होते. त्यांची वेतनाची लांबट चिठ्ठी मला अजून दिसते: एका बाजूस मूळ वेतन आणि महागाई भत्ता, दुसऱ्या बाजूस कपात, आणि कपातीत सोसायटीच्या हप्त्याखाली आणखी एक हप्ता, सणाच्या उचलीचा. चिठ्ठीच्या पाठच्या कोऱ्या बाजूवर वडील पेन्सिलीने किराणा, दूध, फी असे मांडीत, बेरीज करीत, मग किराण्याचा आकडा खोडून लहान करीत. आई ते पाहत असे आणि काही बोलत नसे. किराणा आकड्याने लहान होत नाही, हे तिला ठाऊक होते.

आता गंमत अशी की, ही सणाची उचल खुद्द सरकार देत असे, बिनव्याजी, आणि सुलभ अशा दहा हप्त्यांत ती वेतनातून वळती करून घेत असे. दसऱ्याच्या सुमारास घेतलेली रक्कम पुढच्या श्रावणाच्या तोंडाशी फिटावयाची, म्हणजे खाते निरंक होते न होते तोच नवा सण दाराशी. म्हणीने ज्याचा निषेध केला ते सरकारने नियमावलीत कलम घालून मान्य केले, आणि माझ्या वडिलांसारखा काटकसरी मनुष्य निमूटपणे त्या कागदावर सही करीत राहिला. सातव्या वेतन आयोगानंतर ही सवलत बंद झाली. परंतु 2020 च्या ऑक्टोबरात, महामारीने बाजार ओस पडले असता, केंद्राने एकवार ती पुन्हा दिली: 10,000 रुपये, रोख नव्हे तर कार्डावर, आणि 31 मार्च 2021 च्या आत खर्च केलेच पाहिजेत या अटीवर! ऋण काढा, सण करा, आणि शिल्लक टाकाल तर खबरदार, असा हुकूम देणारी राजवट आमच्या आजोबांनी कल्पिली नसती. आणि तरीही त्यात अर्थशास्त्रदृष्ट्या काही खोटे होते, असे मला म्हणवत नाही.

येथवर म्हणीचा पक्ष हरत चालला, असे वाटून मी थोडा सुखावलो होतो. पण उचल म्हटले की मराठवाड्यात आणखी एक उचल आठवल्यावाचून राहत नाही. आमच्या नदीचे नाव मिरविणारा ‘पूर्णा’ साखर कारखाना वसमतला आहे. तसे कारखाने पार पश्चिम महाराष्ट्रापर्यंत आणि कर्नाटकापर्यंत पसरलेले, आणि दसऱ्याच्या मागेपुढे त्यांच्याकडे निघालेल्या ट्रॅक्टर-ट्रकांत भांडी, अंथरुणे, शेळ्या आणि लेकरे यांच्यासह बसलेले नवरा-बायको. या दोघांचा मिळून हिशेब एक ‘कोयता’. मुकादमाची उचल पावसाळ्यातच संपलेली, दवाखान्यात, लग्नात, मागल्या देण्यात. ती टनावारी ऊस तोडून फेडावयाची, आणि हंगामाअखेर फिटली नाही तर बाकी पुढच्या सालावर ओढावयाची. त्यांची दिवाळी फडातल्या कोपीत होते. त्यांनी ऋण काढले, पण सण मात्र त्यांच्या वाट्यास आला नाही. आणि त्यांना ही म्हण ऐकविण्याची कोणाची छाती होईल?

मग ही म्हण कोणाची? सावकाराची नव्हे, त्याचा धंदा बुडेल. कदाचित ज्याला कोणी ऋणच दिले नसते अशा एखाद्या पतहीन माणसाने स्वतःच्या समाधानासाठी ती रचली असेल. की एखाद्या घरातल्या बाईने, जिच्या गळ्यातले दरवेळी गहाण पडत आले असेल? दुसरे मानले तर मी इतका वेळ जी वकिली केली ती कोणाची, हा प्रश्न उभा राहतो. कारण आईची बोरमाळ सोनाराकडून किती वेळा सुटून आली, ते त्या पेन्सिलीच्या हिशेबात कोठेच नव्हते. बचत गटाच्या अर्जांत कर्जाच्या कारणापुढे ‘शेळीपालन’ लिहिलेले मी पाहिले आहे, ‘गौरीचा सण’ असे कधी नाही. हल्ली तर फोनवर काही मिनिटांत कर्ज मिळते आणि त्यात कारणाचा रकानाही नसतो. ही सुधारणा म्हणावी की काय म्हणावे, यावर घरात रोज वाद होतो, आणि माझे मत आठवड्यातून दोनदा तरी बदलते.